ओवीत रमलेला इंग्रज : फादर स्टीफन्स

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. कडोली परिसरातील कितीतरी माणसे कामधंद्यासाठी, देवदर्शनासाठी या वाटेने खाली उतरतात. त्याच गोव्यात मडगावजवळ जुवारी नदीकाठी राशोल नावाचे गाव आहे. इ. स. १६१६ मध्ये तेथील छापखान्यातून सुमारे अकरा हजार ओव्यांचा एक मराठी ग्रंथ बाहेर पडला. ग्रंथाचे नाव ख्रिस्तपुराण आणि कर्ता फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज! भाषेच्या प्रश्नावर पिढ्यानपिढ्या बोलत आलेल्या आपल्या सीमाभागाने या माणसाचे चरित्र जरूर जाणून घ्यावे.

स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडात कॅथलिकांचा छळ चालला होता. तेव्हा तरुण स्टीफन्सने रोम गाठले आणि १५७५ मध्ये तो जेझुइट पंथात दाखल झाला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून गलबतात बसून तो त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. पुन्हा मायदेशी तो कधीच गेला नाही. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्याने मुख्यतः सासष्टी भागात काढली. १५८३ मध्ये राल्फ फिच व त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडविण्यासाठी हाच धावून गेला.

तो आला त्या आधीच सासष्टीतील देवळे पाडली गेली होती. लोकांच्या जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. धर्म बदलला, पण कानात ओवी घुमत होती, ती कशी जाणार? हे स्टीफन्सने ओळखले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी त्याने लोकांवर पोर्तुगीज भाषा लादली नाही. तो स्वतः मराठी आणि कोकणी शिकला, पुराणाची धाटणी उचलली आणि बायबलची कथा ओवीत बसविली. ग्रंथात त्याने मराठीची जी थोरवी गायिली, ती आजही अनेकांना तोंडपाठ आहे. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, पण भाषा मराठीच राहिली.

कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले. १६१९ मध्ये त्याचे निधन झाले आणि हे व्याकरण १६४० मध्ये छापून निघाले. भारतीय भाषांच्या पहिल्यावहिल्या छापील व्याकरणांत त्याची गणना होते. गंमत अशी, की पोर्तुगीज या भाषेला ‘कानारी’ म्हणत! लोक घरात काय बोलतात आणि दप्तरात त्याला काय नाव पडते, यातले अंतर आपल्याला नवे नाही.

पुढे वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि आपली बोली सोडावी. हुकूम कागदावर राहिला, लोक आपली बोली बोलतच राहिले. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. तरी ग्रंथ टिकला, कारण घराघरांतून त्याच्या हस्तलिखित नकला जपल्या गेल्या. गोवा सोडून दक्षिणेकडे किनाऱ्याने गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ही पोथी बरोबर नेली. त्याच नकलांवरून १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी ती पुन्हा छापली, आणि तीही मंगळूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकात! देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून १९५६ मध्ये काढली.

परक्या देशातून आलेला माणूस आपली भाषा शिकला. ती परमुलखात गेलेल्या, साध्या घरांतल्या माणसांनी राखली. त्यांच्या पाठीशी ना सरकार होते, ना शाळा. संध्याकाळी दिवा लावून पोथी मोठ्याने वाचायची आणि पोरांनी ऐकायची, एवढीच त्यांची चळवळ. आपल्या गावांतून पारायणे होतात, ग्रंथदिंड्या निघतात, ते चांगलेच आहे. पण दिंडी घरी परतल्यावर त्यातले एखादे पुस्तक मुलांसमोर उघडले जाते का, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे.