पास्कालचा अर्धा राहिलेला डाव

पास्काल आपल्याला भेटतो तो गणितातल्या त्रिकोणात, नाहीतर फिजिक्समध्ये दाबाचं एकक म्हणून. साहित्याच्या वर्गात त्याचं नाव क्वचितच निघतं. खरं तर तो फ्रेंच गद्याचा मोठा लेखक.

ब्लेझ पास्कालचा जन्म १६२३ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथला. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एत्येन करवसुलीच्या कामावर. त्यांचे हिशेब सोपे व्हावेत म्हणून या मुलाने एकोणिसाव्या वर्षी आकडेमोडीचं यंत्र बनवायला घेतलं. तब्येत कायम नाजूक.

१६५४ साली शेव्हालिए द मेरे या जुगाराच्या शौकिनाने त्याला एक जुनाच प्रश्न विचारला: डाव मध्येच मोडला तर पैसे कसे वाटायचे? पास्कालने तो तुलूझच्या फर्माला कळवला आणि दोघांची पत्रापत्री सुरू झाली. आपण नाणेफेकीचा खेळ धरू. दोघांनी ३२-३२ सोन्याची नाणी लावलीत. छापा पडला की पहिल्याला गुण, काटा पडला की दुसऱ्याला. आधी तीन गुण करील तो जिंकला. २-१ असताना खेळ थांबला. मनात येतं, दोनास एक असं वाटून टाका. पास्कालचं म्हणणं वेगळं: झालेले गुण मोजू नका, राहिलेली फेक बघा. काटा पडला तरी २-२ होणार, म्हणजे पहिल्याचे ३२ कुठे जात नाहीत. उरलेले ३२ अजून कुणाचेच नाहीत, ते निम्मे-निम्मे. म्हणून पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. जे घडलंच नाही त्याची किंमत अशी कागदावर आली!

फेकी जास्त उरल्या तर तो त्रिकोण कामी येतो. चार फेकींची ओळ १, ४, ६, ४, १. एकूण १६ शक्यता. बरोब्बर दोन छापे देणाऱ्या त्यात सहाच, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आपल्या छंदशास्त्रात याच त्रिकोणाला मेरुप्रस्तार म्हणतात; दहाव्या शतकातल्या हलायुधाने पिंगळावरच्या टीकेत तो लघु-गुरू मोजायला दिलाय. छापा-काटा काय नि लघु-गुरू काय, पर्याय दोनच.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला देवाचा असा अनुभव आला की तो त्याने कागदावर उतरवून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. तो कागद सापडला तो त्याच्या मृत्यूनंतरच. पुढे त्याने जेझुइटांची खिल्ली उडवणारी पत्रं लिहिली (रोमने त्यांवर बंदी घातली) आणि धर्मावरच्या मोठ्या ग्रंथाची टिपणं काढली. त्यातच ती प्रसिद्ध पैज आहे. देव आहे की नाही, नाणं हवेत आहे आणि बोली लावल्याशिवाय सुटका नाही. हरलात तर थोडंच जाईल, जिंकलात तर अनंत मिळेल. नुसती ही पैज वाचली तर मला ती दुकानदारी वाटते. पण पास्काल स्वतः हिशेब करून देवाकडे गेलाच नव्हता. हिशेब होता तो जुगारी मित्रांसाठी, त्यांना कळेल अशा भाषेत.

१६६२ च्या उन्हाळ्यात तो खूप आजारी होता. घरात त्याने एक गरीब कुटुंब ठेवून घेतलं होतं. त्यातल्या मुलाला देवी आल्या. बहीण झिल्बेर्त शुश्रूषेला येणार, तर तिच्या मुलांना लागण व्हायची भीती. त्या आजारी पोराला हलवायला पास्काल तयार नव्हता. तो स्वतःच घर सोडून बहिणीकडे गेला. तिथेच १९ ऑगस्टला, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो वारला.