जॉन बन्यन : भांडी जोडणारा गोष्टकार

गोष्ट रचणे हे केवळ विद्वानांचे काम, अशी आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ बंधुभगिनींची समजूत आहे. जो उपदेशक उपासनेत दाखला सांगून मंडळीस तल्लीन करतो, तोही लेखणी हाती घेण्याची वेळ आली म्हणजे मागे सरतो. ज्यांचा ग्रंथ हरि केशवजी ह्यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ ह्या नावाने मराठीत आणला, त्या जॉन बन्यन ह्यांचे चरित्र अशांस धीर देणारे आहे, म्हणून आम्ही ते येथे थोडक्यात देतो.

बन्यन ह्यांचा जन्म १६२८ साली इंग्लंडात बेडफर्ड शहराजवळच्या एल्स्टो गावी झाला. मोडकीफुटकी भांडी जोडून देणे हा त्यांच्या वडिलांचा धंदा; पुढे मुलानेही तोच धरला. शाळा थोडी झाली, आणि शिकलेले बहुतेक विसरून गेले. लग्न झाले तेव्हा घरात धड ताट-चमचाही नव्हता. मात्र पत्नीने माहेराहून दोन धर्मपुस्तके आणली होती, ती दोघे मिळून वाचीत. त्यांपैकी एक चौघांच्या संभाषणाच्या रूपाने लिहिलेले होते. माणसांस बोलते करून शिकवण कशी द्यावी, ह्याचा नमुना त्यांस असा घरीच मिळाला. पुढे १६८० साली त्यांनी श्रीयुत दुर्जन नावाच्या मनुष्याचे जीवन व मरण दोघांच्या संवादातून सांगितले.

एके दिवशी धंद्यानिमित्त बेडफर्डात फिरत असता तीन-चार गरीब बायका दारात उन्हाला बसून देवाविषयी बोलताना त्यांस दिसल्या. धर्माच्या गप्पांत बन्यन तरबेज होते, म्हणून तेही बोलावयास जवळ गेले. परंतु त्या बायकांचा अनुभव आपल्याहून खोल आहे असे पाहून ते मुकाट्याने ऐकत राहिले. ऐकण्याची ही सवय पुढे त्यांच्या लेखनास फार उपयोगी पडली. त्यांच्या ग्रंथातील माणसे बाजारात व वाटेवर लोक बोलतात तशीच बोलतात, आणि शास्त्राची भाषा त्या बोलण्यात सहज मिसळून जाते.

१६६० साली परवानगीवाचून सभा भरवून उपदेश केल्याबद्दल त्यांस पकडण्यात आले. उपदेश करणार नाही एवढे वचन दिले असते तर सुटका होती. घरी दुसरी पत्नी एलिझाबेथ व पहिलीची चार मुले होती. त्यांत मेरी ही थोरली मुलगी आंधळी. तिच्या आठवणीने बापाचे काळीज तुटे. तरी त्यांनी ते वचन दिले नाही, आणि सुमारे बारा वर्षे तुरुंगात गेली. तेथे ते टोकास धातू बसविलेल्या नाड्या विणून कुटुंबास हातभार लावीत, सोबतच्या कैद्यांस उपदेश करीत, आणि उरलेल्या वेळात लिहीत. पवित्र शास्त्र व हुतात्म्यांच्या चरित्रांचा फॉक्सकृत ग्रंथ ही पुस्तके त्यांच्याजवळ असत. पुस्तके थोडी, पण वाचन खोल!

ह्या बंदिवासातच त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा उगम झाला असे मानतात. ते भक्तांच्या मार्गाविषयी दुसरेच पुस्तक लिहीत होते. मध्येच त्यांस प्रवासाचे रूपक सुचले, आणि विस्तवातून ठिणग्या उडाव्या तशा कल्पना एकीमागून एक येऊ लागल्या. त्यांनी हातचे पुस्तक बिघडू दिले नाही. त्या कल्पना वेगळ्या टिपून ठेविल्या, हातचे काम पुरे केले, आणि मग सवडीने ही गोष्ट रचली.

लिहून झाल्यावर त्यांनी ती मित्रांस दाखविली. कित्येक म्हणाले, छापा. कित्येक म्हणाले, छापू नका. कल्पित गोष्टीने सत्य कसे शिकवावे, ही शंका आजही काही मंडळींत निघते. बन्यन ह्यांनी सर्वांचे ऐकून घेतले, आणि शास्त्रातही दाखले व रूपके आहेत हे ध्यानात आणून पुस्तक छापावयास दिले. ते १६७८ साली निघाले. तरी त्यांची लेखणी थांबली नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी संसारी शहाणपणाचा सल्ला देणारा गृहस्थ नव्याने घातला, आणि १६७९ च्या तिसऱ्या आवृत्तीत स्वार्थापुरता धर्म पाळणाऱ्याचे व त्याच्या सोबत्यांचे संभाषण वाढविले. यात्रेकरूच्या पत्नीचा व मुलांचा प्रवास १६८४ साली दुसऱ्या भागात आला.

१६८८ साली एका पित्याचा व पुत्राचा समेट करून घोड्यावरून लंडनास जाताना ते पावसात भिजले. त्यांस ताप आला, आणि ३१ ऑगस्ट रोजी ते प्रभूकडे गेले. तोवर त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या होत्या.

वाचकहो, ह्या चरित्रातून आम्हांस जे दिसते ते असे. चांगली गोष्ट लिहिणे ही देवाची देणगी खरी, परंतु ती सवयीने वाढते. लोकांचे बोलणे कान देऊन ऐकावे. थोडीच पुस्तके असली तरी ती पुनःपुन्हा वाचावी. सुचलेले टिपून ठेवावे, मात्र त्यासाठी हाती घेतलेले कर्तव्य टाकू नये. लिहिलेले चारचौघांस दाखवावे, त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकावे व प्रार्थनापूर्वक निर्णय करावा. लेख एकदा पुरा झाला म्हणून निर्दोष झाला असे समजू नये. भांडे जोडणारा पाणी भरून पाहतो, गळते तेथे पुन्हा जोड देतो, तसेच लेखाचेही करावे.

आपल्या गावच्या ओट्यावर, शेताच्या बांधावर व आठवड्याच्या बाजारात किती तरी दाखले रोज आपल्यासमोरून जातात. ते पाहणारे डोळे व लिहिणारे धीराचे हात प्रभू आपल्या मंडळींतून उभे करो.