ऐंशी मुलांचे शिक्षक : योहान हाइनरिख पेस्टालॉझी

स्वित्झर्लंड देशांतील पेस्टालॉझी यांचें नांव शिक्षणाच्या इतिहासांत मोठें मानलें जातें. परंतु त्यांच्या आयुष्यांतील जें काम सर्वांत अधिक स्मरणांत राहिलें तें अवघे पांच महिने चाललें, आणि तें ज्या घरांत झालें तेथें आरंभीं स्वयंपाकघरहि तयार नव्हतें. मुलें ऐकत नाहींत, छडीवांचून वर्ग चालत नाहीं, अशी तक्रार ज्या शिक्षकांची असेल, त्यांनीं हें चरित्र ध्यानांत घ्यावें.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजीं झुरिक शहरीं झाला. ते पांच वर्षांचे असतां वडील वारले. पुढें आईनें व बाबेली नांवाच्या विश्वासू मोलकरणीनें मोठ्या काटकसरीनें त्यांना वाढविलें. आजोबा खेड्यांतील मंडळीचे पाळक होते. त्यांच्या सहवासांत गरिबांचीं दुःखें या मुलास दिसलीं. तरुणपणीं त्यांनीं नॉयहोफ येथें शेती केली, तींत तोटा आला. मग तेथेंच गरिबांच्या मुलांसाठीं आश्रम काढला, तोहि १७८० च्या सुमारास बुडाला. १७८१ सालीं एका कथेमुळें लेखक म्हणून त्यांचें नांव झालें, तरी व्यवहारांत हा मनुष्य कुचकामी, असेंच लोक समजत.

१७९८ सालीं निडवाल्डेन प्रांतांतील लोकांनीं नव्या राज्यघटनेची शपथ घेण्याचें नाकारिलें, म्हणून फ्रेंच फौजेनें त्यांच्यावर चाल केली. ९ सप्टेंबर रोजीं श्टान्स गांवच्या मुलखांत शेंकडों माणसें मारलीं गेलीं, शेंकडों घरें जळालीं, आणि पुष्कळ मुलें पोरकीं झालीं. त्यांच्यासाठीं सरकारनें १७९९ च्या जानेवारींत श्टान्स येथील मठाच्या एका भागांत अनाथगृह उघडून तें पेस्टालॉझींच्या हवालीं केलें. त्यांचें वय तेव्हां ५३ होतें, आणि मदतीस घर सांभाळणारी एक बाई मात्र होती.

मुलें सुमारें ऐंशीपर्यंत वाढलीं. पुष्कळांच्या अंगास खरूज, डोक्यांत खवडे, कपड्यांत उवा. कोणी भीक मागून निर्ढावलेलीं, कोणी भयानें मुकीं झालेलीं. दहांपैकीं जेमतेम एकास मुळाक्षरें येत. गांव कॅथॉलिक, शिक्षक प्रॉटेस्टंट. शिवाय ज्या सरकारविरुद्ध गांव उठला होता त्याच सरकारचा हा माणूस. म्हणून लोक त्यांच्याकडे संशयानें पाहत, आणि नवे कपडे मिळतांच कित्येक आप्त आपलीं मुलें परत घेऊन जात.

नियम किंवा उपदेश यांपासून पेस्टालॉझींनीं आरंभ केला नाहीं. ते मुलांबरोबरच जेवत, त्यांच्यामध्येंच निजत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. रात्रीं सर्वांच्या शेवटीं ते अंथरुणावर पडत व सकाळीं सर्वांच्या आधीं उठत. वर्गांत सर्व मुलें एकदम त्यांच्यामागून शब्द म्हणत. तेव्हां ते मोठ्यानें ओरडत नसत. उलट इतक्या हळू बोलत कीं, ऐकावयाचें तर मुलांस स्तब्ध बसणें भागच पडे. पाठ म्हणतांना नजर आपल्या मधल्या बोटावर ठेवा, असेंहि ते सांगत. खेळासारखी ही क्षुल्लक गोष्ट, पण तिनें चंचल मुलें स्थिर झालीं. ज्यास अधिक येई तें मूल इतरांस शिकवी, त्यामुळें एकटा शिक्षक पुरा पडे.

त्यांनीं कधीं मारलें नाहीं काय? मारलें, आणि तें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. मुलें निष्ठुरपणें व दांडगाईनें वागलीं, तर ते चपराक देत. परंतु लगेच हात पुढें करून त्या मुलास जवळ घेत, म्हणून तें अढी धरीत नसे. जो रात्रंदिवस मुलांबरोबर राहत नाहीं अशा शिक्षकाच्या शिक्षेचें फळ तसें येत नाहीं, हा भेदहि त्यांनीं स्पष्ट सांगितला आहे.

एप्रिल महिन्यांत जवळचें आल्टडॉर्फ गांव आगीनें जळालें. तेथील सुमारें वीस निराधार मुलें आपण आणावीं काय, असें पेस्टालॉझींनीं आपल्या मुलांस विचारलें. मुलें एकदम हो म्हणालीं. तेव्हां त्यांनीं सावध केलें कीं, अन्न कमी मिळेल, काम वाढेल, कपडेहि वांटून द्यावे लागतील. तरीहि मुलांचें उत्तर बदललें नाहीं. चार महिन्यांपूर्वीं हींच मुलें भिकेच्या तुकड्यावर वाढत होतीं.

जून महिन्यांत फ्रेंच फौजेनें दवाखान्यासाठीं ती जागा घेतली व काम मोडलें. पेस्टालॉझींची प्रकृति ढांसळली होती. पुढें बुर्गडोर्फ येथें, व नंतर इव्हर्डन येथें १८२५ पर्यंत त्यांनीं शाळा चालविली आणि ती पाहण्यास दूरदूरचे लोक आले. परंतु ऐंशी मुलांस वळण लावणाऱ्या या गृहस्थांस आपल्या मदतनीस शिक्षकांमधील भांडण मिटवितां आलें नाहीं, व त्यामुळेंच ती शाळा बंद पडली. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें ते वारले. बिर गांवच्या शाळेजवळ त्यांना पुरलें आहे.

वाचकहो, आपल्यापैकीं कित्येकांस एकट्यानें चार इयत्ता सांभाळाव्या लागतात. ऐंशी मुलांचें आईबाप होणें आपणांस साधेल असें नाहीं. परंतु छडीकडे हात जाण्यापूर्वीं एवढें तरी मनास विचारावें कीं, हें मूल आज सकाळीं काय खाऊन आलें आहे, हें मला ठाऊक आहे काय?