अणदूरचा खंडोबा, बेंझिनचा रेणू आणि दोन्ही महासत्तांच्या डोळ्यांत खुपलेला लायनस पॉलिंग

धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरचा खंडोबा तुम्हाला माहिती असेल. अणदूर आणि नळदुर्ग, देवळं दोन पण मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला.

बेंझिनबद्दल केकुले नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८७२ साली असंच काहीसं मांडलं होतं. सहा कार्बनचं कडं, त्यात एक बंध एकेरी, एक दुहेरी. दुहेरी बंध मांडायच्या पद्धती दोन, आणि रेणू या दोन्हींत सारखा ये-जा करतो, असं त्याचं म्हणणं.

पण मोजलं तर सहाही बंध सारखेच भरतात, १.४ आंगस्ट्रॉमच्या आसपास. एकेरीपेक्षा आखूड, दुहेरीपेक्षा लांब. याचा उलगडा ज्यानं केला तो लायनस पॉलिंग.

जन्म २८ फेब्रुवारी १९०१, अमेरिकेतलं पोर्टलंड. वडील औषधविक्रेते, लायनस नऊ वर्षांचा असताना वारले. घरची ओढाताण. इतिहासाचे दोन विषय राहिले म्हणून शाळेनं दाखलाही दिला नाही. (दिला, पण कित्येक वर्षांनी. तोवर पॉलिंग जगप्रसिद्ध झाले होते.) कॉलेजात पैशाची अडचण आली तर तिथंच शिकवायची नोकरी धरली आणि मग पुढचं शिक्षण घेतलं.

१९२६ ला पॉलिंग युरोपात गेले. १९२७ मध्ये हायट्लर आणि लंडन या जोडीनं हायड्रोजनचे दोन अणू एकत्र का राहतात ते गणितानं दाखवलं. प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन. जवळ आल्यावर कुठला कुणाचा हे सांगता येत नाही, आणि या अदलाबदलीमुळंच ऊर्जा कमी होऊन जोडी टिकते. व्हॅलन्स बाँड थिअरीचं मूळ हे.

पॉलिंगनी ती कार्बनला लावली. कार्बनकडं इलेक्ट्रॉनच्या जागा दोन प्रकारच्या, एक एस आणि तीन पी. मग मिथेनचे चारही बंध सारखे कसे? या चारही मिसळून चार नव्या सारख्या जागा तयार होतात, असं त्यांनी १९३१ साली मांडलं. बारावीला पाठ केलेलं एसपी-थ्री ते हेच.

बेंझिनचं उत्तर त्याहून भारी. इथं पालखी निघतच नाही. रेणू कधी या रूपात, कधी त्या रूपात, असं नसतंच. खरं रूप एकच, कागदावरची दोन चित्रं ही त्याची अर्धवट वर्णनं. याचं नाव रेझोनन्स.

यावरून राजकारण पेटलं. जी रूपं अस्तित्वातच नाहीत त्यांच्यावर उभा सिद्धांत भौतिकवादाच्या विरोधात आहे, म्हणून १९५१ मध्ये मॉस्कोच्या परिषदेत रेझोनन्सवर झोड उठली. आणि इकडं अमेरिकेनं १९५२ मध्ये पॉलिंगनाच कम्युनिस्टांचा माणूस समजून पासपोर्ट नाकारला. १९५४ चं रसायनशास्त्राचं नोबेल आणि अणुचाचण्यांविरोधातल्या लढ्यासाठी १९६२ चं शांततेचं, दोन्ही त्यांना एकट्याला मिळाली.

चुकाही मोठ्या केल्या. डीएनएला तीन धागे असतात म्हणाले, निघाले दोन. म्हातारपणी व्हिटॅमिन सीचा हट्ट धरला तो वेगळाच.

पण खरा फटका थिअरीलाच बसला. मलिकन यांच्या गटाचं म्हणणं, इलेक्ट्रॉन दोन अणूंचा नसून अख्ख्या रेणूचा. ऑक्सिजन चुंबकाकडं का ओढला जातो हे त्यातून सरळ दिसायचं, साध्या दुहेरी बंधाच्या चित्रातून नाही. शिवाय कॉम्प्युटरला तेच गणित सोपं. पॉलिंगची पद्धत मागं पडली, जुनाट ठरली.

कॉम्प्युटर तगडे झाले तशी ती परतली. १९८६ मध्ये कूपर, गेरॅट आणि रायमोंडी यांनी बेंझिनचं गणित पुन्हा केलं. इलेक्ट्रॉननं कुठं राहायचं हे आधी ठरवलंच नाही, ते गणितावर सोडलं. उत्तर आलं, सहा इलेक्ट्रॉन, प्रत्येक मुख्यतः आपापल्या कार्बनपाशी, दोन्ही शेजाऱ्यांकडं थोडा झुकलेला. यालाच आज मॉडर्न व्हॅलन्स बाँड थिअरी म्हणतात. दोन्ही पद्धती शेवटपर्यंत नेल्या तर उत्तर एकच येतं, हेही आता सगळ्यांना मान्य आहे.

हा निकाल आला तेव्हा पॉलिंग ८५ वर्षांचे होते. १९ ऑगस्ट १९९४ ला कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं.