चित्रकार धुरंधर : सिंहासन आणि त्याच्या मर्यादा

चेंबूरहून हार्बर गाडीने बोरीबंदरास उतरले, की सर ज. जी. कलाशाळा हाकेच्या अंतरावर आहे. याच शाळेत विद्यार्थी व शिक्षक या नात्याने एकेचाळीस वर्षे वेचणाऱ्या महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा अल्प परिचय आमच्या सभासद कुटुंबांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

धुरंधरांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरास झाला. १८९० साली ते कलाशाळेत दाखल झाले आणि १८९६ पासून तेथेच शिकवू लागले. त्यांची चित्रे घरोघरी पोहोचली. परंतु आम्हांस विशेष मोलाचा वाटतो तो त्यांनी रंगविलेला शिवराज्याभिषेकाचा दरबार. शंभराहून अधिक व्यक्ती असलेल्या या चित्रात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन छत्रपतींपुढे लवला आहे. सामान्य प्रेक्षकाची दृष्टी तेथेच खिळते. आमचे म्हणणे असे, की सिंहासनाभोवतालची मंडळीही न्याहाळावी. १६७४ च्या त्या राज्याभिषेकाबरोबरच कानूजाबत्याने अष्टप्रधानांची कामे नेमून दिली गेली. न्यायाधीश व पंडितराव यांना युद्धाची जबाबदारी नव्हती. तलवार चालविणारा हात आणि न्याय देणारा हात निराळे ठेवणे, यातच राज्यसत्तेस घातलेली मर्यादा आम्हांस दिसते.

पुढे नव्या दिल्लीच्या सचिवालयात कायदेविषयक सभासदाच्या दालनासाठी धुरंधरांनी हिंदू व मुसलमानी कायद्यांतील प्रसंग रंगविले. राज्य कायद्याने चालते, हे त्या भिंतींनी सांगावयाचे होते. परंतु ज्या प्रजेसाठी तो कायदा, तिच्या हाती तो घडविण्याची खरी सत्ता नव्हती. खुद्द धुरंधरांचा अनुभव तरी काय सांगतो? सरकारने त्यांस रावबहादुर केले. पण शाळेच्या संचालकपदी पहिला भारतीय म्हणून ते बसले १९३० साली, आणि १९३१ साली निवृत्तही झाले. गुण ओळखणारे सरकार अधिकार देताना किती हात आखडते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

या उपेक्षेने त्यांचा कुंचला मात्र कडवट झाला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या शाळेच्या आठवणी मराठीत लिहून ठेविल्या. कन्या अंबिका याही चित्रकार झाल्या. १९४४ साली धुरंधर निवर्तले. स्वातंत्र्य पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

पालकांनी हे दरबाराचे चित्र मुलांस अवश्य दाखवावे. सिंहासनावर कोण, हे मुले आपण होऊन सांगतील. सिंहासनाभोवती कोण व कशासाठी उभे आहे, हे वडीलधाऱ्यांनी समजावून द्यावे. लोकशाहीत त्या जागी आता आपणच उभे आहोत.