कृत्रिम खुब्याचे प्रवर्तक सर जॉन चार्नली

झिजलेला खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप देणारे ब्रिटिश अस्थिशल्यविशारद सर जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील बरी येथे झाला. विगननजीकच्या राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी धातूचा लहान गोळा आणि टेफ्लॉनची वाटी यांपासून कृत्रिम सांधा तयार केला. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. मात्र काही वर्षांतच टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या कणांमुळे सांध्याभोवतीच्या ऊतींना अपाय झाला. सुमारे ३०० रुग्णांना ही वाटी बसविण्यात आली होती. त्यांपैकी अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

चार्नली यांनी हे अपयश लपविले नाही. टेफ्लॉनचे कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. तेथे गाठी उठल्या. अशी परीक्षा अगोदर झाली असती, तर बरे झाले असते.

दरम्यान, पॉलिएथिलीनचा नमुना त्यांनी प्रथम निरुपयोगी ठरविला होता. तरीही त्यांच्या कार्यशाळेतील तंत्रज्ञ हॅरी क्रेवन यांनी तो घर्षणयंत्रावर लावला. झीज अत्यल्प आढळली आणि नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिएथिलीनची वाटी वापरात आली. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी चार्नली यांनी शस्त्रक्रियागृहात शुद्ध हवेचा बंदिस्त कक्षही उभारला.

१९७७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. पॉलिएथिलीनचे सूक्ष्म कणही दीर्घकाळात हाड पोखरतात, असे पुढे आढळून आले. त्यामुळे आता अधिक टिकाऊ, क्रॉस-लिंक्ड पॉलिएथिलीन वापरले जाते.