विस्मृत दिग्दर्शिका : आलिस गी

चित्रपटाच्या जन्मकथेत ल्युमिएर बंधू व मेलिएस यांची नावे अग्रभागी असतात. त्याच काळी पॅरिसमध्ये एक तरुणीही चित्रपट निर्माण करीत होती. परंतु तिचे नाव दीर्घकाळ कोणी घेतले नाही. त्या आलिस गी यांचा अल्प परिचय आम्ही वाचकांस करून देत आहोत.

१ जुलै १८७३ रोजी पॅरिसनजीक त्यांचा जन्म झाला. वडिलांची पुस्तकांची दुकाने दूर चिली देशात होती. तो व्यवसाय बुडाला, वडीलही निवर्तले. तेव्हा आलिसबाईंनी टंकलेखन व लघुलेखन शिकून चरितार्थाचा मार्ग धरला. छायाचित्रणाच्या ज्या पेढीत त्या चिटणीस झाल्या, ती पुढे लेओं गोमाँ यांच्या हाती आली. मार्च १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंचे प्रात्यक्षिक पाहून त्यांच्या मनात आले की, हलत्या चित्रांनी कथा का सांगू नये? गोमाँ यांनी अनुमती दिली. अट एवढीच की, कचेरीच्या कामात खंड पडता कामा नये.

त्यांच्या आठवणींनुसार १८९६ साली त्यांचा पहिला चित्रपट झाला. कोबीच्या गड्ड्यांतून बाळे काढून देणाऱ्या परीची ती इवलीशी कथा होती. लवकरच गोमाँ संस्थेची चित्रनिर्मिती त्यांच्याकडे आली. आधी गीत ध्वनिमुद्रित करावयाचे आणि मग त्याबरहुकूम ओठ हलविणाऱ्या गायकाचे चित्रण करावयाचे, असे प्रयोगही त्यांनी केले. आपल्या चित्रपटांतील गाण्यांची रीत याहून फारशी निराळी नाही! १९०६ साली त्यांनी ख्रिस्तचरित्र पडद्यावर आणले. याच विषयावरील एक मूकपट मुंबईत पाहून दादासाहेब फाळके यांस स्फूर्ती झाली होती, हे आपण जाणतोच.

१९०७ मध्ये हर्बर्ट ब्लाशे यांच्याशी विवाह करून त्या अमेरिकेस गेल्या. तेथे १९१० साली त्यांनी सोलॅक्स ही स्वतःची संस्था स्थापिली. नटांनी सहजतेने वागावे, अशी सूचना देणारा मोठा फलक त्यांच्या चित्रशाळेत लावलेला असे. पुढे संस्था डबघाईस आली, संसारही मोडला. १९२२ साली दोन मुलांसह त्या मायदेशी परतल्या. पण तेथे त्यांना कोणी चित्रपट दिला नाही.

त्याहून जिव्हारी लागणारे दुःख निराळेच होते. इतिहासकारांनी त्यांच्या कृती इतरांच्या नावे नोंदविल्या. ख्रिस्तचरित्र तर त्यांच्या साहाय्यकाच्या नावावर गेले. बाईंनी मात्र खचून न जाता आपल्या चित्रपटांच्या याद्या केल्या, चुका दाखवून दिल्या, आठवणी लिहिल्या. २४ मार्च १९६८ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले. आठवणींचा ग्रंथ निघाला तो १९७६ साली. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिक उद्घाटनसोहळ्यात ज्या दहा स्त्रियांचे सुवर्णवर्णी पुतळे उभारण्यात आले, त्यांत आलिस गी होत्या.

इतिहास आपोआप न्याय करीत नाही. कोणीतरी लिहून ठेवावे लागते. बाईंनी आपल्या चित्रपटांच्या याद्या केल्या नसत्या, तर आज आम्हांस तरी त्यांची ओळख कोठून झाली असती?